भंगारात जाण्याआधी अनंताचा ट्रान्सफॉर्मर

या ब्लॉगवर माझी नात सायली एरवी किल्ले, धबधबे आणि माशांच्या थाळ्या टाकते. या वेळी बोलणं माझं, टाइप करण्याचे कष्ट तिचे. मला अक्षर येत नाही, म्हणून मधलं एखादं वाक्य गाळलं तर म्हातारीला काय कळणार, असं तिला वाटतं. रोज संध्याकाळी मी सगळं परत वाचायला लावते. सत्यनारायणाची कथा मला अशीच ऐकून पाठ आहे. भटजींनी दोन पानं एकदम उलटली की मी खाकरते.

तर ट्रान्सफॉर्मर बघायला कोणी सहल काढत नाही. आम्ही काढली.

सायली कोल्हापूरला एका कंपनीत असते. त्यांचं काम ट्रान्सफॉर्मर तपासायचं. गावाबाहेर कुंपणात पन्हळीपन्हळीच्या पत्र्यांचा लोखंडी पेटारा गुणगुणत उभा असतो ना, तो. त्याची तब्येत बघायची, कुठं बिघडला तर का बिघडला ते सांगायचं. पौषात एका दुपारी तिचा फोन आला.

"आजये, तो ट्रान्सफॉर्मर अजून आसा."

"खंयचो?"

"बाबांचो."

मी फोन कानाला धरून खालीच बसले.

तिचे बाबा म्हणजे माझा मुलगा अनंता. देवगडच्या पुढे, विजयदुर्गाच्या बाजूला, खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यात तो वायरमन होता. होड्यांना बर्फ पुरवणारा कारखाना. आठवडाभर तिथं, शनिवारी घरी. सायली सहावीत होती तेव्हा एका संध्याकाळी तिथल्या खांबावरचा फ्यूज उडाला. अनंतानं नवा घातला, स्विचचा दांडा वर केला, आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर फुटला. आतलं उकळतं तेल अंगावर आलं. लोक धावत पोचले तेव्हा तो गेलेला होता.

बाराव्याच्या जेवणाला पंगतीत कोणीतरी म्हणालं, "अनंतान घाई केल्यान. फ्यूज कित्याक उडालो तां आदी बघूक व्हयां होतां." कोण म्हणालं ते मी अजून सांगू शकते, पण तो माणूस आता स्वतःच वर गेलाय. त्याचं वाक्य मात्र आमच्या घरात राहिलं. भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखं. कोणी त्याला बोलवत नव्हतं, कोणी घालवतही नव्हतं.

पुढे भागीदारांचं भांडण होऊन कारखाना बंद पडला आणि तो फुटका ट्रान्सफॉर्मर आवारात तसाच राहिला. आता भंगारवाला तो नेणार होता. नेण्याआधी उघडून बघायला मालकांच्या मुलानं सायलीला परवानगी दिली होती. सायलीला सिद्ध करायचं होतं की तिच्या बाबांची चूक नव्हती. मला एवढंच समजून घ्यायचं होतं की होती की नव्हती. निघताना आम्हाला वाटलं, दोघींना एकच काम आहे.

माझी सून रजनी, सायलीची आई, म्हणाली, "तुमी जावा. माझां थंय काय उरलां हा?" पण पहाटे उठून तिनं घावणे काढले, खोबऱ्याची चटणी वाटली, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडीचं दार स्वतः लावलं. जोरात.

पहिला दिवस: मालवण ते देवगड

आमचं घर मालवणजवळ, खाडीच्या अंगाला. देवगडला जायला हमरस्त्यानं कणकवलीवरून वळसा घालू नका. किनाऱ्याचा रस्ता धरा: आचरा, मुणगे, मिठबाव, कुणकेश्वर. अरुंद आहे, वळणं आहेत, समोरून एसटी आली की कोणीतरी दगडी गडग्याला चिकटायचं, आणि ते नेहमी आपणच. पण सकाळी आंब्याच्या कलमांना मोहर आलेला असतो आणि काच खाली केली की गाडी त्या वासानं भरते. सायली काच वर ठेवते. एसी लावते. मी खाली करते. आचऱ्यापर्यंत आमचा हाच खेळ.

तिचा फोन रस्ता सांगतो. इंग्रजी बाई बोलते. मुणग्याच्या पुढे त्या बाईनं आम्हाला कोणाच्या तरी माडाच्या बागेत नेलं. बागेचा मालक लुंगी सावरत आला.

"खंय जातास?"

"देवगडाक," मी म्हटलं. "तुमच्या विहिरीतून वाट आसा म्हणता ही बाई."

तो हसला आणि गाडी मागे घ्यायला मदत केली. पुढचे फाटे मी सांगितले. मला फलक वाचता येत नाहीत म्हणून मी झाडं, चढणी आणि देवळं लक्षात ठेवते. ती पुढच्या वर्षीही तिथंच असतात. हा रस्ता मला मिठबावपर्यंत पाठ आहे, माझं माहेर तिथलं. त्याच्या पुढे मी कधी गेले नव्हते. अनंता वर्षानुवर्षं या रस्त्यानं एसटीनं गेला आणि मी एकदाही म्हटलं नाही की चल, तुझी नोकरी दाखव. आई मुलाची नोकरी बघायला जाते का कधी? तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती.

कुणकेश्वरला देवळाखालीच समुद्र आहे. दर्शन घेतलं, घावणे खाल्ले, टपरीवर चहा घेतला. चहा बरा. वडा कालचा होता, विचारून घ्या. पुढे पुलावरून थेट देवगडात उतरता येतं.

देवगडला सायलीचं खरं काम होतं. आंब्याचा रस डब्यात भरणारा एक कारखाना, हंगाम सुरू होण्याआधी त्यांचा ट्रान्सफॉर्मर तपासून हवा होता. मला गाडीत बस म्हणाली. मी म्हटलं, गाडीत बसायला घरी काय खाट नव्हती? मग कामावरची लाल टोपी माझ्या डोक्यावर चढवून तिनं मला कुंपणाबाहेर खुर्ची दिली.

तिचं काम मी पहिल्यांदा पाहिलं. आधी ती नुसती उभी राहिली. कान देऊन. ट्रान्सफॉर्मर घुमत होता, भजनातल्या टाळकऱ्यानं सूर धरावा तसा. मग एक कॅमेरा काढला, त्यात ऊन-गार रंगांत दिसतं. कुठला सांधा जास्त तापलाय ते बघायचं. बघून झाल्यावर तिनं तो माझ्याकडे वळवला. पडद्यावर मी जांभळी आणि उजवा गुडघा पिवळाधमक.

"आजये, तुझो गुडघो पेटलो मरे!"

"मगे बंद कर नि नवीन बसय."

नंतर तिनं खालच्या तोटीतून तेल काढलं आणि सुईविना इंजेक्शनच्या मोठ्या काचेच्या नळीत भरलं, हवेचा एक बुडबुडा जाऊ न देता. वाढदिवसाचा केक न्यावा तशी ती नळी खोक्यात ठेवली. तेल कशाला, तर म्हणाली, आत तांब्याच्या तारा असतात, त्यांना कागद गुंडाळलेला, आणि सगळं तेलात बुडवलेलं. आत कुठं बिनसलं, ठिणगी पडायला लागली की तेल आतल्या आत जळतं आणि त्याचे वायू तेलातच विरून राहतात. बाहेरून रंगही बदलत नाही. प्रयोगशाळेत ते वायू वेगळे काढतात. कुठला किती आहे त्यावरून सांगतात की नुसतं तापतंय, की आत जळतंय.

"म्हणजे बोलणा नाय, म्हणान तेल काढून इचारूचां," मी म्हटलं.

"तसांच."

अनंताही असाच होता. घरी आला की जेवायचा, जाळं घेऊन ओट्यावर बसायचा. नोकरीचं विचारलं तर म्हणायचा, बरां चल्लां. शेजारच्या बायका त्याच्याकडे ट्रान्सफॉर्मरचं तेल मागायच्या, गुडघ्याला चोळायला. त्यानं गुण येतो म्हणे. तो द्यायचा नाही. "काकी, गुडघ्याक करंट लागात, रात्रभर नाचत ऱ्हवशाल," म्हणायचा. तेवढंच काय ते त्याचं नोकरीबद्दलचं बोलणं.

सायलीनं मला आणखी एक वस्तू दाखवली, कारण दुसऱ्या दिवशी तीच शोधायची होती. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर तेलाचं आडवं पिंप असतं. पिंप आणि पेटारा जोडणाऱ्या नळीवर एक लोखंडी लोटी बसवलेली असते, काचेची खिडकी असलेली. आत जळून वायू झाला की तो वर चढतो आणि लोटीत जमतो. पुरेसा जमला की लोटीतला तरंगणारा गोळा खाली बसतो आणि खोलीत घंटा वाजते. माणसांनी समजायचं, हा आजारी आहे, बंद करा.

"बाबांच्या ट्रान्सफॉर्मरला ही लोटी होती," सायली म्हणाली. "जुन्या फोटोत दिसते. मग घंटा का वाजली नाही? तेच बघायचंय."

देवगडला दीपगृहाच्या रस्त्याला घरगुती खोली घेतली. स्वच्छ, गरम पाणी बादलीनं. जेवणात सौंदाळ्याची कढी आणि सुरमईची तुकडी. थाळी मालवणपेक्षा स्वस्त आणि तुकडी मोठी, हे मालवणची असून सांगते. सायलीनं अर्धी तुकडी ताटात ठेवली. तिची तुकडी मी संपवली. कोणीतरी खायला हवं.

दुसरा दिवस: खाडीकाठचा कारखाना

जामसंड्यावरून विजयदुर्गाकडे निघालं की वाडातरचा पूल लागतो, मग पडेल. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना कातळ आणि कलमं. पेट्रोल देवगडलाच भरून घ्या. कारखाना नेमका कुठल्या गावात ते मी सांगणार नाही, आणि तिथं भेटलेल्या माणसाचं नावही बदलून सांगते. का, ते पुढे कळेल.

गेटावर पास्कू भेटला. पूर्वी कारखान्यात कामाला होता, आता बंद कारखान्याची राखण करतो. एका पायानं लंगडतो. त्यानं आधी सायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तुमी अनंताची आवस."

"कोणी सांगल्यान?"

"कपाळान," तो म्हणाला. "तेचां कपाळ तुमच्याकडसूनच इललां."

मी म्हटलं, "केस मात्र तेचे तेनाच घालवल्यान." पास्कू हसला, मीही हसले, आणि तेवढ्यात आम्ही आत गेलो ते बरं झालं.

आवारात रान माजलेलं. बर्फाच्या टाक्या गंजून लाल झालेल्या. आणि कोपऱ्यात तो. मला वाटलं होतं काहीतरी राक्षसासारखं असेल. होता आमच्या गोठ्याएवढा. पत्रे उललेले, एका बाजूनं घाणेरी वर चढलेली. समोर खांब, खांबाला दांडा. दांड्याखाली चिऱ्याचा एक दगड, उभं राहायला ठेवलेला, कारण अनंता बुटका होता. कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी नारळाच्या फळीखालीही त्यानं तसाच दगड ठेवलाय.

मी त्या दगडावर बसले. दुसरीकडे कुठं बसणार?

भंगारवाल्याची माणसं आली होती. तिकाटणं उभं करून त्यांनी साखळीनं ट्रान्सफॉर्मरचं आतडं वर उचललं. सायलीनं हातमोजे घातले आणि बॅटरी घेऊन वाकली. ती बघते आणि लगेच बोलते असं होत नाही. भंगारवाला मधेच ओरडला, "ताई, तांब्याक हात लावा, पण घेऊ नका. तां वजनार जातला." सायलीनं ऐकलंही नाही.

मग तिनं मला हात धरून जवळ नेलं. तारांच्या तीन जाड रिळांतलं एक बाजूनं काळं. कागद कोळसा झालेला, बोट लावलं की भुगा. तांबं वितळून त्याचे मणी झालेले, चुलीत पडलेल्या मंगळसूत्रासारखे.

"हे एका दिवसाचं नाही," ती म्हणाली. "मधला हा फुटलेला भाग शेवटचा. पण आजूबाजूचा कागद बघ, किती लांबपर्यंत करपलाय. आत कितीतरी आठवडे धुमसत होतं. बाबांनी दांडा वर केला नसता तरी आज ना उद्या हा फुटणारच होता." तिचा आवाज कापत होता, आनंदानं. "आजये, त्यांच्या हातानं नाही झालं हे."

मी त्या मण्यांकडे बघत राहिले. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. ते वाक्य बिऱ्हाड उचलून निघालं असं वाटलं.

"आणि आठवडे धुमसत असेल तर घंटा वाजायलाच हवी होती," असं म्हणत सायली पिंपाखाली लोटी शोधायला गेली. लोटी जागेवर होती. तिला एक लहान डबी असते, घंटेच्या तारा तिथं जोडतात. झाकणाचे स्क्रू गंजले होते, ते तिनं तेल सोडून सोडून काढले. झाकण उघडलं आणि तिनं बॅटरी जवळ नेली.

आत दोन तारा खुंट्यांवरून काढून, टोकं मागे दुमडून, दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या. नीट. कोणीतरी वेळ घेऊन केलेलं काम.

कामाचं बोलताना सायली मालवणी सोडते, राग आला की तर नक्कीच. "मुद्दाम काढल्यात," ती म्हणाली. "घंटा वाजू नये म्हणून. हे ज्यानं केलं, त्यानं माझ्या बाबांना मारलं."

मी डबीत डोकावले. माझी नजर आता चांगली नाही, पण ती गाठ बघायला मला नजर लागत नाही. माझा नवरा रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होता. फाटलेल्या जाळ्याचं टोक बंद करायला तो दोन वेढे घेऊन दोरा पोटातून उलटा ओढायचा. गावात दुसरं कोणी तशी बांधत नसे, बाकीचे त्याला हसायचे. अनंता समुद्रावर गेला नाही, पण ओट्यावर बसून ती गाठ बापाकडून शिकला. आमच्याकडे पिठाच्या पिशवीपासून मांडवाच्या वाशापर्यंत सगळ्याला तीच. सायलीला ठाऊक नाही. तिला बुटांच्या नाड्याही धड बांधता येत नाहीत.

मला सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं. पण तिचा चेहरा असा होता की मी म्हटलं, "आदी च्या घेवया."

पास्कूनं गेटाजवळच्या खोलीत चहा टाकला होता. गूळ घातलेला कोरा चहा आणि खारी. मला त्यानं खुर्ची दिली, स्वतः दारात पाय लांब करून बसला. सायली काही खाईना. तिनं सरळ विचारलं, "काका, घंटेच्या तारा कोणी काढल्या होत्या?"

"घंटा?" पास्कूनं कपाळावर हात मारला. "ती मेली घंटा! बाय, पावसात कधीव वाजायची. डबीत पाणी जाय नि वाजाय. तुमका विजेवाल्यांका घंटा म्हणजे काय तां माका म्हायत नाय. आमका बर्फवाल्यांका घंटा म्हणजे अमोनिया फुटलो, इखारी वायू. हातातला टाकून धावायचां. टाकयेवरसून उडये मारायचो. असोच एकदा धावताना घसारलंय, वरसून बर्फाची लादी इली पायार. हो पाय तेव्हाचो." तो पायाकडे बघून हसला, जुन्या खोडकर बैलाकडे बघावं तसा. "आनी धावलंय कशाक? कायच झाला नव्हता! डबीत पाणी!"

"मग?" सायली म्हणाली.

"मगे काय. अनंता माका बघूक घराक इलो. बांगडे घेवन. पलिस्तराकडे बघीत बसलो. माका म्हणालो, 'पास्कू, आता ती वाजूची नाय. मी तिचां तोंड बांधलंय.' असो माणूस, बाय. कोण करता दुसऱ्यासाठी? सगळ्यांचे पाय वाचवल्यान." त्यानं कपातला चहा संपवला. "नि दिवाळी झाल्यार तो गेलो. मी घराकच होतंय, पलिस्तरात. माका तेच्या मातयेक, शेवटचां बघूकय जावक मिळूक नाय. आता दर वर्सा, मेलेल्यांच्या दिसाक, इगर्जीत तेच्या नावान मेणबत्ती लायतंय. तुमी हिंदू, तुमका चलात मा?"

"चलात," मी म्हटलं.

सायलीनं तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिचं मनगट धरलं. माझ्या बोटांत अजून जोर आहे, नारळ सोलते मी. तिनं माझ्याकडे पाहिलं, पास्कूच्या पायाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

निघताना पास्कूनं कोकमांची पिशवी दिली. म्हणाला, अनंताच्या घरात जावंदेत. गाडी वळेपर्यंत तो गेटात उभा होता, टोपी हातात धरून.

विजयदुर्ग आणि परत

इतक्या जवळ आलात तर विजयदुर्ग बघा. सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली घ्या, पायऱ्या गुडघ्यांना बऱ्या नाहीत. आम्ही किल्ल्यात गेलो नाही. बंदरावर धक्क्याच्या कठड्याला बसलो. होड्या मासळी उतरवत होत्या, बायका टोपल्या भरून त्यावर बर्फ पसरत होत्या. बर्फ आता ट्रकानं येतो.

सायली म्हणाली, "तू डबीत डोकावलीस तेव्हाच तुला कळलं होतं."

"होय."

"आणि मी म्हटलं, ज्यानं हे केलं त्यानं..."

"माका ऐकाक नाय इला. वारो होतो."

"आजये, वारो नव्हतो."

"मगे मी बहिरी."

ती हसली नाही. म्हणाली, "त्यांनी नुसतं झाकणाखाली रबर घातलं असतं ना, पाणी आत गेलं नसतं. एक रबराची चकती. घंटा खोटी वाजली नसती, आणि खरी वाजायची तेव्हा वाजली असती. दिवाळीच्या आधीच वाजली असती. ते बंद करून तेल तपासायला पाठवू शकले असते." तिनं हातमोजे अजून काढले नव्हते. "निदान पाऊस संपल्यावर तारा परत जोडायच्या. एवढं साधं. मी हे रोज लोकांना सांगते."

"तेका कोणी सांगल्यान नसात."

"पुस्तकात असतं ते."

"पुस्तक तू वाचलंस," मी म्हटलं. "तेना पास्कूचो पाय वाचलो."

रबर त्यानं मालकांकडे मागितलं होतं की नाही, मागितलं आणि मिळालं नाही, की सुचलंच नाही, हे त्या डबीत दिसत नव्हतं. सायली म्हणते, तिच्या कामात असं नेहमी होतं. यंत्र उघडलं की कळतं कधीपासून बिघडलं आणि कसं बिघडलं. त्या वेळी माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळत नाही.

मग ती रडली. मी तिला रडू दिलं. शेजारी बसलेल्या कोळणीनं विचारलं, "काय झालां गो चेडवाक?" मी म्हटलं, "बापाशीची आठवण इली." तिनं टोपलीतून दोन पापलेटं काढून वर्तमानपत्रात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पैसे घेईना. सायलीला म्हणाली, "आवशीक सांग, आज तळ."

परतीची वाट लांब वाटली. सायलीनं काच खाली ठेवली होती, मी काही न सांगता.

ज्यांना जायचं त्यांच्यासाठी: दोन दिवस पुरतात, एक मुक्काम देवगडला. वाटेत कुंपणात ट्रान्सफॉर्मर दिसतील. पूर्वी मी तोंड फिरवायची. आता सायली गाडी हळू करते आणि आम्ही दोघी ऐकतो.

काय घेऊन आलो म्हणाल, तर एक वाक्य सोडून आलो आणि दुसरं घेऊन आलो. 'घाई केल्यान' गेलं. त्यानं घाई केली नाही. उलट वेळ काढून, झाकण उघडून, नीट गाठ मारून तो बसला होता. मला वाटलं होतं चूक असेल तर लाज वाटेल, नसेल तर सुटल्यासारखं होईल. दोन्ही झालं नाही. माझ्या मुलानं एका माणसाच्या पायाची काळजी केली आणि त्या काळजीनं त्याला नेलं. हे वाक्य कुठल्या पंगतीत बोलायचं? माझ्याबरोबर राहील, जागा आहे.

दिवेलागणीला घरी पोचलो. रजनीनं भात टाकला होता, कोकमाचं सार केलं होतं. पापलेटं तळली. कोणाची, कुठली, तिनं विचारलं नाही. जेवताना सायलीनं तिला सगळं सांगितलं. करपलेला कागद, तांब्याचे मणी, बांधलेल्या तारा, कोणी बांधल्या आणि का. रजनी वाढत होती, ऐकत होती. पास्कूच्या मेणबत्तीपाशी तिचा हात थांबला, मग परत वाढू लागला.

सायली संपल्यावर ती म्हणाली, "ह्यां सगळां बरां. कोणाची चूक, तां माका कधीच नको होतां." मग भांडं खाली ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, विचारलं, "माका एकच सांग गो. तेका कळलां काय? तेल अंगार येताना?"

आम्ही दोघी चूक कोणाची ते शोधायला दोन दिवस फिरलो, आणि हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

सायलीनं घास खाली ठेवला. म्हणाली, "नाय आये. इतक्या जोरात होतं ते. कळायच्या आधीच संपतं."

हे तिला कुठल्या यंत्रानं सांगितलं, ते मी विचारलं नाही. रजनीनंही विचारलं नाही. तिनं मान हलवली, "बरां," म्हणाली, आणि सार गरम करून आणते म्हणून आत गेली.

सार गरमच होतं.